रेझोल्यूटहून आलेलं पहिलं विमान

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. निविआकनं स्वतः सांगितलं, आणि सांगताना तिची नजर दारावरून हलत नव्हती.

गाव ग्रीस फिओर्ड, कॅनडाच्या पार उत्तर टोकाला. नोव्हेंबर महिना. सूर्य मावळून पंधरवडा झालेला. भर दुपारीही जेमतेम अंधूक उजेड, बाकी मिट्ट काळोख.

तिचा नवरा आशिवाक दक्षिणेकडे डोळ्याचं ऑपरेशन करून परत येत होता. वाटेतल्या रेझोल्यूट गावापर्यंत आला आणि तिथंच अडकला.

रेझोल्यूट ते ग्रीस फिओर्ड, विमानानं जेमतेम दीड तास. पण आठवडा झाला, तो दीड तास काही संपेना. आज वारा, उद्या धुकं, परवा विमानच नादुरुस्त.

"चालत निघाला असता तरी पोचला असता!" ती सामविलीवर खेकसली. सामविली तिचा दीर. धावपट्टी तोच सांभाळायचा.

"वहिनी, मला शिव्या देऊन वारा पडत असेल तर खुशाल द्या. आजचंही रद्द."

ती तणतणत घरी आली. सीलच्या मांसाच्या कालवणाचं भांडं स्टोव्हवर आदळलं.

तेवढ्यात...

घरघर. विमानाची.

आवाज छपरावरून गेला, खाली आला, थांबला.

ती खिडकीकडे धावली. धावपट्टीचे दिवे... बंद होते. विमान नव्हतं.

मग बर्फावर पावलं. कर्र... कर्र... पायरीवर बूट झटकल्याचा आवाज. आशिवाकचा खोकला.

"निवी, दार उघड."

ती हसतच पुढे झाली. आणि थबकली.

त्या गावात दाराला कुणी कडी लावत नाही. कुणी दार वाजवत नाही. माणूस सरळ आत येतो.

मग हा का विचारतोय?

तिनं रेझोल्यूटला, तो उतरला होता तिथं, फोन लावला. फोन आशिवाकनंच उचलला.

"कुठे आहेस तू?"

"कुठे असणार? इथंच कुजतोय. आत्ता कुठे डोळा लागला होता."

बाहेर पुन्हा खोकला, पुन्हा हाक.

"कोण आलंय गं?" फोनवरून त्यानं विचारलं.

"कुणी नाही."

बऱ्याच वेळानं सगळं शांत झालं. तिनं दार उघडलं. बर्फावर एकही पाऊल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विमान आलं. खरंखुरं, दिव्यांसकट. सामविली भावाला घेऊन आला आणि बॅग उचलून सरळ घरात शिरला.

आशिवाक मात्र पायरीवरच उभा राहिला.

"ये ना आत."

"नीट बोलाव."

"अरे, घर तुझंच आहे!"

"मग काल एवढ्या हाका मारल्या, दार का नाही उघडलंस?"

निविआक दारातच थांबली. कालचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सामविलीलासुद्धा.

पण आठवडाभर वाट बघून ती पार कावली होती. घरात गारठा शिरत होता. ती चिडून म्हणाली, "ये बाबा, ये एकदाचा!"

तो आत आला. कालवण चाटूनपुसून खाल्लं. नेहमीसारखेच विनोद केले. आणि मग त्यानं हातोडी मागितली.

दाराला आतून कडी बसवली.

आता वारा सुटला, विमानं रद्द झाली, की निविआकला पुन्हा ती घरघर ऐकू येते. पावलं येतात. बाहेरचा माणूस हाक मारत नाही. घरच्या माणसासारखा सरळ दार ढकलतो... कडीमुळे दार अडतं.

तो चिडतो. पुन्हा ढकलतो.

आशिवाक जेवता जेवता मान वर न करता म्हणतो, "उघडू नकोस."

ती उघडत नाही. आत कुणाला घेतलं आणि बाहेर कोण राहिलं, हे तिला आजही ठाऊक नाही.