छतावरचा तळहात

नव्या कामगारांना खाणीत उतरण्याआधी शिकवायला मास्तरांनी शेडमध्ये सिमेंटचा एक बोगदा बांधून घेतला होता. दहा पावलं लांब, त्याच्या वर फक्त पत्रे आणि कबुतरं. "सळईनं छत ठोकायचं. खणखणीत वाजलं तरी हात टेकवून बघायचं. कान फसतो, तळहात फसत नाही," ते सांगत. पोरं हळूच हसत. मास्तरांना स्वतःलाच धड ऐकू येत नाही, कानांवर राग असणारच!

खरं कारण वेगळं होतं. बारा वर्षांपूर्वी खाणीत घाईघाईत त्यांचा हात टेकवायचा राहून गेला होता. छत कोसळलं आणि त्यांचा जोडीदार पलीकडे अडकला. करंगळी गमावलेला, म्हणून त्याला सगळे चारबोट्या म्हणत. दोन ठोके, थांबून एक, म्हणजे 'मागे हो'. ही दोघांचीच खूण. ढिगाऱ्यामागून ती बराच वेळ येत राहिली, मग कायमची थांबली. आत अडकूनही तो ह्यांनाच मागे हटवत होता. मास्तरांनी हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

यंदाच्या तुकडीत त्यांची मुलगी होती. उद्या तिची खाणीतली पहिली पाळी. मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. शेवटच्या सरावात तिनं सळई ठोकली, हात टेकवला आणि थबकली.

"बाबा, वरून कुणीतरी ठोकतंय."

"कबुतर असेल."

"कबुतर दोन ठोके मारून थांबतं होय? आणि मग एक?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "असं पुन्हा हाताला लागलं तर विचार करत बसू नकोस. सगळ्यांना घेऊन मागे हो."

"का पण?"

"बाप सांगतोय म्हणून."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या आधीच ती वर आली, मागोमाग तिचे आठ सोबती, सगळे काळेठिक्कर. छत खणखणीत वाजलं होतं. हाताला मात्र दोन ठोके लागले, मग एक. ते मागे सरले आणि छत खाली आलं. मास्तरांनी चारचौघांत लेकीला छातीशी धरलं आणि ढसाढसा रडले.

सगळे घरी गेल्यावर ते सिमेंटच्या बोगद्यात शिरले.

"आली रे," ते म्हणाले. "सगळे आले."

त्यांनी छताला तळहात टेकवला. सिमेंट गार होतं.

मग हाताखाली ऊब आली. तळव्याला, अंगठ्याला, एकेका बोटाला.

करंगळीखाली मात्र सिमेंट गारच राहिलं.