पान्याचा दुसरा आवाज

ही गोष्ट खरी आहे. मला ती रोकियाने सांगितली, आणि वीस वर्षांच्या नोकरीत तिला थाप मारताना मी कधी पाहिलं नाही. मला ती नीट सांगता येईल का, याचीच शंका आहे.

पेनांग. चिनी नववर्षाचा तिसरा दिवस, दुपार. कारखाना बंद. तपासणीच्या छोट्या खोलीत रोकिया एकटी.

समोर नेटवर्क अॅनालायझर. सूक्ष्मलहरी सोडायच्या आणि किती परत येतात ते मोजायचं, हे त्याचं काम. पण ते खोटी मापं दाखवतं म्हणून ग्राहकाने परत पाठवलं होतं. ते अचूक असल्याच्या दाखल्यावर सही होती खू अंकलची.

खू अंकल चार महिन्यांपूर्वीच गेले होते.

सकाळी कारखान्याचे जेगन साहेब यांचा फोन आला होता. ते तिला मलायमध्ये 'काक' म्हणायचे, म्हणजे ताई. "काक, उगाच डोकं फोडू नका. म्हाताऱ्याचा हात शेवटी कापत होता. चूक त्याची, असं लिहा आणि घरी जा."

"हात कापायचा साहेब. डोकं नाही."

"बरं, पाचपर्यंत बघा. मग मीच लिहितो."

तिला हे काम खू अंकलनीच शिकवलं होतं. दर वर्षी या दिवशी ते संत्री घेऊन इथे यायचे. "आज कुणाकडे गेलं की भांडण होतं म्हणतात. यंत्राशी कोण भांडणार?"

खरं तर त्यांना जायला घरच नव्हतं. तिला ते माहीत होतं.

तिने केबल बदलली. जोडाची तोंडं पुसली. ग्राहकाच्या पेटीतले, माप आधीच ठरलेले तीन नमुने एकेक करून लावले. एक उघडा, एक बंद, एक सगळी लहर गिळून टाकणारा. त्यांवरून यंत्राला खरं माप पुन्हा शिकवलं.

चूक तशीच.

साडेचार वाजले. यंत्राचं तोंड मोकळं सोडून ती मागे टेकली.

तिची नजर तापमानाच्या आकड्यावर गेली. त्या खोलीत एक माणूस असला की तेवीस पूर्णांक एक. दोघं असले की...

तेवीस पूर्णांक तीन.

मग मागून आवाज आला...

कट्.

कट्.

जोड पुरेसा आवळला की पाना कट् वाजतो, आणि तो एकदाच वाजवायचा असतो. दोनदा वाजवायचे ते फक्त खू अंकल.

आणि पाना तर तिच्यासमोर टेबलावर होता.

तोंड मोकळं असलं की सगळी लहर परत येते, रेघ वर राहते. ती रेघ आता खाली उतरली... पार तळाला. जणू तिकडे बसून कुणीतरी ती लहर घेत होतं.

गिळणारा नमुना कुणी लावला?

तिने पेटीकडे पाहिलं. नमुना जागेवरच होता. पण झाकणावरचा क्रमांक... आणि पडद्याच्या कोपऱ्यातला क्रमांक...

वेगळे.

प्रत्येक पेटीचा गुण वेगळा. कोणती पेटी वापरतोय, ते यंत्राला आधी सांगावं लागतं. अंकलनी पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट, आणि ती तेवढीच पाहायला विसरली होती. ग्राहकाने यंत्रात भलतीच पेटी निवडली होती. त्या निवडीची तारीखही पडद्यावर होती, खू अंकल गेल्यानंतरची.

बरोबर पेटी निवडून तिने पुन्हा शिकवलं. सगळं जुळलं.

"अंकल," ती पुटपुटली, "तुमची सही शाबूत आहे."

आकडा तेवीस पूर्णांक एकवर आला होता.

आठवड्याने जेगन साहेबांनी विचारलं, "काक, त्या दिवशी आत कोण होतं? दारावर एकच कार्ड लागलंय, आणि तापमानाची नोंद दोघांची."

तिने पाना उचलून जागेवर ठेवला.

अजूनही दर वर्षी तिसऱ्या दिवशी ती संत्री घेऊन जाते. पाना एकदा वाजवते... आणि थांबते.

म्हणते, दुसरा आवाज आला की भीती वाटते.

नाही आला, की जास्त.