कोपराच्या मापाचा ओटा

दिवा जरा तुमच्या बाजूला सरकवते, मला उजेड डोळ्यांवर नको आहे. दवाखान्यात खिडकीवर बसून केसपेपर काढायचं काम माझं. आलेला माणूस आधी माझ्यावर खेकसतो आणि मग आत डॉक्टरांपुढे मऊ होतो. संध्याकाळपर्यंत डोळेही दुखतात आणि माणसंही. पण तुम्ही स्वयंपाकघराचं विचारलंत, तर तेच सांगते.

हे घर आम्ही जुनंच घेतलं. स्वयंपाकघर पाहून नवरा म्हणाला होता, "इथं भांडीसुद्धा वैतागत असतील." भिंतींवर तेलाचे ओघळ, कपाटांची दारं लोंबकळलेली, आणि ओटा इतका बुटका की भाजी चिरायलाही वाकावं लागे. आधीची बाई फारच ठेंगणी असणार, असं म्हणून आम्ही हसलो आणि तसंच दिवस ढकलले. मग नवऱ्याची बदली बाहेरगावी झाली. घर, नोकरी, मुलगी, सगळं माझ्या एकटीच्या कमरेवर आलं. एका संध्याकाळी भांडी घासायला वाकले, तर सरळच होता येईना. तेव्हा ठरवलं, आता ओटा उंच करायचा.

अंथरूण पाहून पाय पसरायचे होते. टाइल्सच्या दुकानात मी पुढच्या दारानं गेलेच नाही. मागच्या अंगाला लोकांच्या कामातून उरलेला माल पडलेला असतो, त्यातून पांढऱ्याच्या दोन जरा वेगळ्या छटांच्या टाइल्स जमवल्या. कपाटांना तेलरंग मी स्वतः लावणार होते. सिंक जुनंच ठेवायचं होतं. खर्च करायचा तो फक्त ओट्यावर.

त्यात माझा आणखी एक स्वार्थ होता. माझ्या आईनं मला नऊ वर्षांची असताना डब्यावर उभं करून स्वयंपाकाला लावलं होतं. तिचाही इलाज नव्हता. पण माझी मुलगी भिंगरी आता तेवढीच झाली होती, आणि तिला या वयात ओट्याला जुंपायचं नाही, हे मी पक्कं केलं होतं. बाकी आयुष्यात माझ्या ठरवण्यानं फारसं काही झालेलं नाही. एवढं तरी व्हावं, असं फार वाटायचं. ओटा असा हवा होता की तिचा हातच पोचू नये.

गवंडी म्हातारा होता, कामाला चोख. म्हणाला, "ताई, मी उंची टेपानं ठरवत नाही. जिला उभं राहायचंय तिचं कोपर बघतो. कोपर वाकवलं की त्याच्या चार बोटं खाली ओटा. जन्मात पाठ दुखायची नाही."

मला दवाखान्याला उशीर होत होता. "आज जुना फोडून ठेवा, माप उद्या घ्या," म्हणत किल्ली त्याच्या हातात दिली आणि पळाले. धुळीमुळे भिंगरीला आठवडाभर माझ्या बहिणीकडे ठेवलं होतं. घरात कोणी नव्हतं.

संध्याकाळी आले तर ओटा बांधून तयार. ओल्या सिमेंटचा गार वास पसरला होता. गवंडी थापी धूत होता. मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले आणि माझं डोकंच फिरलं. होता तेवढाच बुटका!

"मिस्त्री, हे काय करून ठेवलंत? माझं माप तरी घेतलंत का?"

"तुमचं कशाला, ताई? पोरगीच करते ना सगळं?"

"कोण पोरगी?"

"तुमची... दुपारी इथंच उभी होती की, पाठमोरी. मला वाटलं, आई कामावर, म्हणजे हीच रांधत असणार. म्हटलं, बाळ, कोपर वाकव. तिनं वाकवलं. सवय असल्यासारखं." त्यानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "हात ओले होते तिचे. पाणी तर मी सकाळीच बंद केलं होतं..."

"माझी मुलगी आठवडाभर मावशीकडे आहे."

त्यानं थापी खाली ठेवली. नव्या ओट्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या जुन्या ओट्याच्या ढिगाऱ्याकडे.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "जुना ओटा फोडला, तोही याच मापाचा होता."

आम्ही ज्या ठेंगण्या बाईला हसलो होतो, ती बाई नव्हतीच. एवढं माझ्या ध्यानात आलं.

"पुढच्या रविवारी येतो," गवंडी म्हणाला. "फोडून नव्यानं बांधून देतो. मजुरी नको मला." आणि उरलेलं सामान तिथेच टाकून तो गेला.

सिमेंट वाळलं, मी शेगडी मांडली, भिंगरीला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दमून आले, तर सकाळी टाकून गेलेली भांडी घासून, लहानमोठी लावून पालथी घातलेली. मी भिंगरीवरच ओरडले.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"मी नाही घासली! मी गेले होते आत... पण ती म्हणाली, तू अभ्यास कर."

"ती कोण?"

भिंगरीनं खांदे उडवले आणि गणित पुढे चालू केलं. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. ओटा ओला होता. करपलेल्या दुधाचा वास येत होता, आणि घरात दुधाचा थेंब नव्हता. आत पाऊल टाकायचा धीर झाला नाही. त्या रात्री आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत एकमेकींना बिलगून उपाशीच झोपलो.

नंतर भाजी चिरलेली मिळू लागली. मग भात शिजलेला. मला भीती वाटली, फार वाटली. पण खरं सांगू? भीतीलाही अंगात त्राण लागतं. संध्याकाळी माझ्यात ते उरत नाही. तिसऱ्या दिवशी मी तो भात वाढून घेतला. भिंगरीनंही खाल्ला आणि वेळेवर झोपली. माझी कंबर त्या रात्री दुखली नाही. कितीतरी दिवसांनी मी कूस बदलून झोपले आणि मला स्वतःची लाज वाटली.

रविवारी सकाळी गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन दारात हजर.

"चला ताई, ओटा रिकामा करा."

मी दारातून हलले नाही. "राहू द्या, मिस्त्री."

"अहो, पण तुमची कंबर?"

"आता बरी आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या खांद्यावरून त्याची नजर आत गेली आणि तिथेच अडकली. भिंगरी तर माझ्या पायाशी बसून चित्र रंगवत होती.

"ताई... लेकरू आहे हो ते."

"माहीत आहे मला."

त्यानं छिन्नी-हातोडा पिशवीत टाकला. पिशवी उचलली आणि पाणीही न पिता जिना उतरला. वळणापर्यंत त्याच्या चपलांचा आवाज येत होता. तो थांबेल, मागे येईल, मला दोन शब्द सुनावेल, असं मला वाटत होतं. थोडंसं हवंही होतं. मग आवाज बंद झाला आणि मी दार लावलं.

खुर्चीत बसले, पाय वर घेतले. आठवडाभराचा शीण एकदम अंगावर आला. आणि तोंडातून सहज निघून गेलं, "चहा टाकतेस का गं?"

भिंगरी लगेच रंग ठेवून उठायला लागली.

"तू नाही," मी म्हटलं. "तू बस."

आत पातेलं ठेवल्याचा आवाज झाला. शेगडी पेटली. मग आतून विचारलं, "साखर किती घालू?"

आवाज लहान मुलीचा होता, आणि माझ्याहून दमलेला.

मी म्हटलं, "एकच चमचा."