एक श्वास मागून बोलणारा

किरगिझ मुलखातला दोलोन घाट बर्फाने बंद झाला की कोचकोरच्या चहाखान्यात उतारूंना रात्र काढावी लागते, आणि उतारूंनी रात्र काढायची म्हटलं की म्हाताऱ्या ड्रायव्हर तुरगुनबायच्या जिभेला चाकं फुटतात. तिकडे आजोबांना 'आता' म्हणतात, म्हणून सगळ्यांचा तो तुरगुनबाय आता.

त्या रात्री कॉलेजातली चार-पाच पोरं शेगडीभोवती अडकली होती. फोनला रेंज नाही. आयझिरेक नावाची पोरगी कुरकुरली, "एखादा पिक्चर उतरवून आणायला हवा होता."

"कुठून उतरवणार होतीस?" आताने विचारलं.

"मिळेल तिथून, आता. चोरूनच की."

"चोरीला मी नाही म्हणत नाही. पण चोरीच्या मालाबरोबर घरात कोण शिरतंय तेवढं बघावं." आताने वाटीत चहा ओतला. "भूतबीत मी मानत नाही. पण केंजेबेकला मी ओळखतो. त्या रात्री मीच त्याला घरी सोडलं. बाहेर एवढं बर्फ, आणि त्याच्या पायात बूट नव्हते."

पोरांनी फोन पालथे ठेवले.

नारिनच्या बस स्टँडशेजारी केंजेबेकची टपरी. मेंढपाळ वरच्या कुरणांवर निघाले की आधी मीठ घ्यायचे, मग पीठ, आणि मग केंजेबेककडून पेनड्राइव्ह भरून घ्यायचे. वर नेट नाही, रात्र मात्र मोठी. नवे पिक्चर काय, कुणीही देतो. केंजेबेक जुने द्यायचा, आपल्याच मुलखात निघालेले, जे कुठेच मिळत नाहीत ते. राजधानीतल्या एका कंपनीने बंद पडलेल्या स्टुडिओचा सगळा साठा विकत घेतला होता आणि धनावर नागाने बसावं तशी ती त्यावर बसली होती. स्वतः दाखवायचं नाही, दुसऱ्याला दाखवू द्यायचं नाही. केंजेबेकला त्यांच्या वकिलाच्या दोन नोटिसा आल्या. त्याने दोन्हींनी शेगडी पेटवली.

त्याच्याकडे एक दिवस बुरुल आपा आली. साठी उलटलेली, जिभेला धार. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली. अख्ख्या नारिनचे आवाज ओळखायची. ओळखत नव्हती एकच. आपल्या आईचा. आई, सायकाल, एका सिनेमात नायिका झाली आणि लेक पाळण्यात असतानाच छातीच्या तापाने गेली. मागे राहिला तो एक सिनेमा. आपाने कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, हा चित्रपट आपल्या भागात उपलब्ध नाही.

"माझी आई माझ्या भागात उपलब्ध नाही म्हणतात," आपा म्हणाली. "मी तिच्या थडग्यापासून हाकेच्या अंतरावर राहते. केंजे, तू चोर आहेस ना? मग चोरून आण. एकदा तिचा आवाज ऐकला की मी मरायला मोकळी."

केंजेबेकने सहा महिने धुंडाळलं. शेवटी एका मेलेल्या ट्रकवाल्याच्या पेटीत कॅसेट सापडली. चित्र बरं होतं. पण आवाजावर आवाज होता. तुम्ही पोरं लहान. त्या काळच्या चोरट्या कॅसेटी तुम्हाला ठाऊक नाहीत. कुणीतरी एक माणूस स्वयंपाकघरात डोक्यावर गोधडी घेऊन बसायचा आणि अख्खा सिनेमा रशियनमध्ये एकटाच बोलायचा. नायकही तोच, नवरीही तोच, रडणारं मूलही तोच. नाक चोंदलेलं, स्वर थंड, आणि मूळ बोलण्याच्या एक श्वास मागे. नाव कधी सांगायचा नाही. सांगितलं असतं तर तुरुंगात गेला असता. सायकाल तोंड उघडायची, आणि तिच्यावर हा बसायचा.

हल्ली संगणकावर आवाज वेगळे करायची सोय आलीय. केंजेबेकने ती मिळवली. नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार होता. गुरुवारी संध्याकाळी आपल्यात तेल तापवून मेलेल्यांच्या नावाने बोरसोक, म्हणजे पिठाचे गोळे, तळतात. तळणाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो. आपाचा हट्ट, की आईचा आवाज ऐकायचा तो ह्याच संध्याकाळी, घरात तो वास असताना. केंजेबेक लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेला. मी बाहेर गाडीत बसून राहिलो; आत झालं ते मागाहून त्यानेच सांगितलं.

आपाने परात भरून बोरसोक तळले. केंजेबेक दिवसभराचा उपाशी. त्याने एक उचलून तोंडात टाकला.

"हात आवर, गाढवा. अजून दुआ नाही झाली, नाव नाही घेतलं. नाव घेईपर्यंत हा वास बेवारशी असतो."

"मग ज्याला भूक असेल तो येईल की, आपा," केंजेबेक भरल्या तोंडाने म्हणाला.

आपाने त्याच्याकडे असं पाहिलं की घास त्याच्या घशात अडकला. मग तिने दुआ म्हटली, आईचं नाव घेतलं, तोंडावरून हात फिरवले. पण बोललेला शब्द बोलला गेला होता.

दिवेलागण झाली. सिनेमा सुरू झाला. नदीकाठी सायकाल उभी, पलीकडे घोड्यावर नवरा. तिचे ओठ हलले आणि नाकातला थंड आवाज बोलला, "परत कधी येशील?"

"आत्ता ह्याला घालवतो," म्हणत केंजेबेकने तो आवाज हळूहळू उतरवला. उतरवला... पार पुसला.

सायकालचे ओठ हलत राहिले. आवाज नाही. वारा नाही, नदी नाही.

"हे काय?" आपा म्हणाली.

एक श्वास गेला. चुलीच्या बाजूने कुणीतरी रशियनमध्ये म्हणालं, "हे काय."

केंजेबेकने लॅपटॉपकडे पाहिलं. आवाज शून्यावर होता.

"आपा, घरात कोण आहे?"

"आपा, घरात कोण आहे." नाकातून. थंड. एक श्वास मागे.

दोघं गप्प झाली. तोही गप्प झाला. तेल अजून चुरचुरत होतं. मग दिवे गेले. लॅपटॉपच्या उजेडात सायकाल नदीकाठी तशीच उभी होती, आणि ती आता पलीकडे पाहत नव्हती. इकडे पाहत होती.

तो आवाज पुन्हा आला. ह्या वेळी आधी.

"आई, तू आलीस?"

आपाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. ते वाक्य तिच्या ओठांवर होतं. अजून बोललेलं नव्हतं. केंजेबेकने मान हलवली. नको. आपा, नको...

आपा साठ वर्षं थांबली होती. तिने हात काढले.

"आई, तू आलीस?"

मग अंधारात, आपाच्या अगदी शेजारी, कुणीतरी श्वास घेतला. बाईचा श्वास. बोलण्याआधी घेतात तसा. केंजेबेकच्या कानाला काहीतरी लागलं, हलकं, तरुण, किरगिझ बोलीतलं पहिलं अक्षर...

आणि त्यावर तो बसला. मोठ्याने. भिंतींतून, छतातून. "लेकी. किती म्हातारी झालीस. थंडी वाजते का तुला?"

"गप्प बस," आपा ओरडली. "मेल्या, गप्प बस. तिला बोलू दे."

"गप्प बस. मेल्या, गप्प बस. तिला बोलू दे."

त्याच्या आवाजाखाली ती बाई बोलतच होती. ऐकू येत होतं की बोलतेय. आवाज कसा, ते कळत नव्हतं. "मी तुला रोज हाक मारते," तो रशियनमध्ये म्हणाला, बाजारभाव सांगावा तसा. "तुला ऐकू येत नाही का?" आपा अंधारात चाचपडत होती, कान पुढे करून, भिंतीला, हवेला. बोलणारी सरकत होती. तोही बरोबर सरकत होता.

केंजेबेकने लॅपटॉप मिटला.

सगळं थांबलं. बाईचं बोलणंही.

"उघड," आपा अंधारातून म्हणाली. "उघड तो."

"आपा, तो अजून..."

"उघड म्हणते ना, चोरा. एवढं तरी होतं. तेवढंही नेलंस तू."

आणि एक श्वास गेला. केंजेबेकच्या मानेवर नाकातली ऊब आली. "तेवढंही नेलंस तू," कुणीतरी हळूच म्हणालं.

तो बुटांसाठी थांबला नाही.

तुरगुनबाय आताने वाटी खाली ठेवली. शेगडीत लाकूड पडलं.

"आणि सिनेमा?" आयझिरेकने विचारलं.

"मिळतो की. टपरीवर जा, भरून देईल. जसा सापडला तसा देतो. त्यानंतर त्याने कुणाचाच आवाज पुसला नाही."

"आणि आपा?"

"आपाने त्या रात्रीबद्दल कधी तोंड उघडलं नाही. तिची लेक मॉस्कोत झाडूकाम करते, आपल्या अर्ध्या गावाच्या लेकी करतात तसं. आपा तिला रोज फोनवर आपला आवाज भरून पाठवायची: जेवलीस का, पाय कोरडे ठेव, पोराला टोपी घाल. त्या गुरुवारनंतर आठ दिवसांनी लेकीने लिहून विचारलं." म्हातारा पोरांकडे न बघता शेगडीकडे बघत राहिला. "लिहिलं, आई, तू बोललीस की तुझ्यावर रशियनमध्ये बोलतो तो माणूस कोण? त्याला गप्प कर ना. तुझा आवाज ऐकू येत नाही."