तिच्या देशाची रेषा, त्याच्या देशाची रेषा

आमच्या सांख्यिकी खात्यात प्रिंटर एकच आणि आम्ही दोघं. माझे कागद त्याच्या हातात, त्याचे माझ्या. खिडकीवर पाऊस टपटपत होता.

"तुमच्या बायकांची रेषा घसरतेय हो," कामावर असलेल्या बायकांचा माझा आलेख बघत तो म्हणाला. "घरी बसल्यात की काय?"

ओळख ना पाळख, आणि थेट माझ्या देशाची उणीदुणी! "आणि तुमची चढतेय ती काय आभाळातून?" मी फणकारले. तो हसला. मेल्याच्या गालाला खळीही होती.

हा शेजारच्या देशातला पाहुणा. दोन्ही देशांत किती लोक कामात आहेत, याचा अहवाल आम्ही दोघांनी मिळून लिहायचा होता. दोन महिने एकाच टेबलावर भांडलो. चहा मात्र तोच आणायचा, न विचारता... साखर अगदी माझ्या मापाची.

एकदा आईने त्याला जेवायला बोलावलं. ती मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती.

"काकू, तुम्ही काय काम करता?"

"मी कुठे काय करते? घरीच असते," दाताने दोरा तोडत आई म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमचे मोजणीदार एवढं ऐकून 'काम नाही' लिहून पुढे जायचे. त्याच्याकडचे 'घरबसल्या काही शिवता, विकता का?' हेही विचारायचे. म्हणून घरून काम करणाऱ्या बायका वाढल्या तशी त्यांची रेषा चढली आणि आमची घसरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या आनंदात त्याने माझा हात धरला, आणि सोडायला जरा उशीरच केला.

अहवाल संपला. म्हणजे तोही जाणार...

"चल ना माझ्याबरोबर," जिन्यात तो म्हणाला. "फार आवडतेस तू मला."

"तूही मला. पण तिकडच्या सरकारी खात्यात परक्यांना घेत नाहीत. म्हणजे मी नोकरी सोडायची? लग्न झालं की कामातून गळालेल्या कितीतरी बायका मी मोजल्यात. मला त्यांच्यात जायचं नाही."

तो जिना उतरून निघून गेला. दोन दिवस फोनही नाही. खोटं कशाला सांगू, मी उशीत तोंड खुपसून रडले.

तिसऱ्या दिवशी स्वारी दारात हजर. "मीच इकडे येतो," तो बाबांना म्हणाला. "तिकडची नोकरी सोडतोय. इथे शोधेन."

बाबांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे जावई बेरोजगार?"

"बाबा, काम शोधणाऱ्यालाही श्रमशक्तीतच मोजतात!" मी घाईघाईने म्हणाले.

"आणि लोक म्हणतील, बायकोसाठी देश सोडला?"

"म्हणू देत," तो शांतपणे म्हणाला. "मला खुर्ची मिळेल तेव्हा मिळेल. ती तिच्या खुर्चीवरून उठायला नको."

मी आईबाबांदेखत त्याचा हात धरला. या वेळी सोडायची घाई मला नव्हती.