भरलेली किती?

रमाकांता, आधी ती फटफटी बंद कर. आणि दिवा माझ्या डोळ्यांवर मारू नकोस, मी काय चोर आहे? बसा सगळे. अहिल्या, तू मागे का लपतेस? पुढे ये. म्हणजे भूत आलं तर आधी तुला धरेल आणि आम्हाला पळायला वेळ मिळेल.

ही गोष्ट आपल्या यज्ञेश्वरची. सीपरी बाजारात ट्रकांच्या ब्रेकचं काम करायचा. खोटं वाटलं तर त्याच्या बायकोला, शकुंतलावहिनींना विचारा, खंडेराव गेटपाशीच राहतात.

या यज्ञेश्वराची एक रीत होती. ब्रेक बसवला की गाडी शिवपुरी रोडवर न्यायची. रस्त्यावर चुन्याची आडवी रेघ मारायची, पुढे बारा पावलं मोजायची. दुसरा कोणी असता तर त्याने तिथे वीट ठेवली असती. हा शहाणा स्वतः उभा राहायचा! छाती काढून, गालात पान धरून. ड्रायव्हरने तिसाच्या वेगाने यायचं, रेघेवर ब्रेक दाबायचा आणि गाडी उस्तादांच्या बेंबीपाशी उभी. लोक शिट्ट्या मारत. मग दुकानातल्या काळ्या पाटीवर गाडीचा नंबर आणि त्यापुढे खडूने १२.

मधुसूदन म्हणून आपल्यातलाच एक जण गिट्टीचा, म्हणजे खडीचा ट्रक चालवायचा. नजर लागू नये म्हणून बंपरला लेकीची लाल चप्पल टांगलेली. एकच. त्याचा ट्रकही असाच पास झाला. निघताना त्याने विचारलं, "उस्ताद, ही रिकामी थांबली. भरलेली किती पावलांत थांबेल?"

"भरली काय न् रिकामी काय, माझा ब्रेक बाराच!"

"पण वीस टन गिट्टी..."

"अरे भैया, ब्रेक तू दाबणार की गिट्टी?"

सगळे खो खो हसले. मधुसूदनही हसला. रमाकांता, तूसुद्धा हस. मागे दोघांना बसवून, एका बोटाने ब्रेक धरून हिंडतोस ना इलाइट चौकापर्यंत? हस, हस.

तिसऱ्याच रात्री धुकं पडलं. मधुसूदन बिचारा गिट्टी भरून तिसानेच चालला होता. पुढे लोखंडी सळ्यांचा ट्रेलर रस्त्यात उभा, दिवा नाही. त्याला तो वेळेवर दिसला. बारा पावलांच्या भरवशावर त्याने ब्रेक दाबला. ट्रक थांबेना. सळ्या काच फोडून आत आल्या. एक गळ्यातून गेली, दोन छातीतून, आणि सीट भेदून मागे निघाल्या. त्याला बाहेर काढताना उजवा पाय ब्रेकवरून सुटेना. शेवटी पायडल कापावं लागलं.

पहाटे यज्ञेश्वर तिथे गेला. टायरचे काळे पट्टे त्याने पावलांनी मोजले. एकतीस.

कोणाला बोलला नाही. पोलिसांना आणि मधुसूदनच्या बायकोला, लीलाला, एकच सांगितलं, "ब्रेक ठणठणीत होता. झोप लागली असेल त्याला." लोकांनी त्यात दारूची भर घातली. लीलाला रस्त्याने जाणं मुश्कील झालं.

वर्ष गेलं. पौषातली अमावस्या, रात्रीचे अकरा चाळीस. यज्ञेश्वरचा फोन वाजला.

"उस्ताद, ट्रायल घ्यायची आहे. शिवपुरी रोडवर उभा आहे."

"इस वक्त? सुबह आना, जी."

"सकाळी भरून निघायचं आहे."

शकुंतलावहिनी म्हणाल्या, "अहो, अमावस्या आहे. उद्या जा की."

"अर्ध्या तासात आलो. दूध तापवून ठेव."

चुन्याचा डबा घेतला, स्कूटरला किक मारली. दुकानाची किल्ली नेहमीसारखी जानव्याला बांधलेली. एकच किल्ली, आंघोळीलासुद्धा अंगावरच.

रस्त्यावर धुकं. लांबवर दोन दिवे जळत होते. केबिनमधून एक हात वर झाला. यज्ञेश्वरने रेघ मारली. बारा पावलं मोजली. पान गालात सरकवलं, छाती काढली.

ट्रक निघाला.

आवाज जड होता... रिकाम्या गाडीचा नव्हे. स्प्रिंगा दबून सपाट झालेल्या.

रेघ आली. ब्रेक किंचाळला.

आणि बंपरला काहीतरी हललं. लाल. एकच.

यज्ञेश्वर पळाला. सवय मेली सुटत नाही, पळतानाही पावलं मोजत होता. तेरा... चौदा... वीस... मानेवर गरम वाफ. सव्वीस... तीस...

एकतीस.

चाक मांड्यांवर चढलं. हाडं फुटली, ओली लाकडं फुटावीत तशी. पान आणि रक्त एकदमच तोंडातून बाहेर आलं. ट्रक तिथेच थांबला. त्याच्यावर.

वरून आवाज आला. "किती झाली, उस्ताद?"

यज्ञेश्वर म्हणाला, "बा... बारा."

चाक बोटभर पुढे सरकलं. आणखी काहीतरी फुटलं.

"किती?"

...

"किती, उस्ताद?"

"एकतीस..."

दिवे विझले.

पहाटे दूधवाल्यांना तो सापडला. रस्त्यावर चुन्याची रेघ होती, रक्त होतं, टायरचा पट्टा एकही नव्हता. दोन्ही पाय मांडीपासून कापले. तीन दिवस तो शुद्धीवर नव्हता. चौथ्या दिवशी माझा हात धरून त्याने हे सगळं सांगितलं, आणि लीलाला बोलावून तिलाही.

पण तुम्हाला सांगायचं राहिलं ते तो सापडला त्या पहिल्या दिवसाचं. त्या दुपारी आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. वहिनींनी त्याच्या जानव्यातून किल्ली सोडली, मी दुकानाचं कुलूप काढलं. शटर वर केलं.

पाटीवर मधुसूदनच्या गाडीपुढचा १२ खोडलेला. बाजूला ३१.

खाली फरशीवर खडूची ताजी पूड पडली होती. त्या दुकानाला मागचं दार नाही.