फोटो उघडत नाही

पहिल्यांदा तो आला तो नुसती कोरी चौकट होऊन. कोपऱ्यात लाल फुली, खाली नाव धम्मानंद, आणि एकच ओळ: ‘जय भीम. फोटो जोडला आहे.’

चिक्कडपल्लीतल्या वधू-वर मंडळाची मेल रोशनी बघायची, ऑफिस सुटल्यावर. मराठवाड्यातून हैदराबादेत येऊन रुजलेल्या घरांतल्या मुलामुलींची परिचय पुस्तिका छापायची होती, आणि नियम पक्का: फोटो नाही तर पान नाही. तिने कळवलं, ‘जय भीम. चौकट आली, तुम्ही नाही आलात.’

दुसऱ्या दिवशी त्याने फोनऐवजी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पाठवला. आता चौकटही नाही; कसलीशी फाईल, काही केल्या उघडेना!

‘मी इतका वाईट दिसत नाही हो. मशीन उगाच घाबरतंय.’

‘मशीनचं जाऊ द्या. माणसं घाबरू नयेत म्हणून तर फोटो मागतोय,’ तिने ठोकून दिलं.

मग काय! फोटो राहिला बाजूला, गप्पांनाच ऊत आला. एकदा तिने कबूल केलं की मराठी दिवसभर बोलते, पण वाचायला बसलं की अक्षरं जुळवत बसावं लागतं. त्यानंतर तो छोटी छोटी वाक्यं लिहू लागला… न सांगता. रोशनी तिथेच विरघळली म्हणा ना.

तिसरा फोटो आला दिलसुखनगरहून, मित्राच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून. आणि तो उघडला! पांढरा शर्ट, उन्हाने बारीक झालेले डोळे, हसू दाबायची केविलवाणी धडपड… ती बघतच राहिली. मग एकदम लक्षात आलं. हे पान शंभर घरांत जाणार. तिचं स्वतःचं पान मात्र पुस्तिकेत नव्हतंच. मंडळाचे सचिव तिचे बाबा, संभाजीराव. ‘आपणच आपल्या पोरीचं पान छापायचं? बरं दिसत नाही,’ म्हणाले होते.

तिने लिहिलं, ‘नाही उघडला.’

धडधडीत खोटं, बया गं!

शुक्रवारी संध्याकाळी पुस्तिका छापायला जाणार, तेवढ्यात तो स्वतःच मंडळाच्या खोलीत हजर. हातात कागदावरचा फोटो.

“आई रोज विचारते, पान लागलं का म्हणून,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाली, सुनेची वाट बघतेय बिचारी. म्हटलं, कॉम्प्युटरचा नाद नक्को, हातानंच देतो.”

थट्टा थट्टेच्या जागी. पण त्या माउलीची आशा तिने अडवून धरली होती.

“तिसरा उघडला होता,” ती म्हणाली. “मी मुद्दाम खोटं लिहिलं.”

“का?”

“तुमचं पान शंभर घरांत जाईल — आणि मला ते नकोय. मला तुम्ही आवडता, बस्स. चुकलंच माझं. द्या तो फोटो, आत्ता लावते.”

त्याने हातातल्या फोटोकडे पाहिलं. रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न नुसते कोकलत होते. शेवटी त्याने फोटो तिच्या हातात दिला.

“घे. पण पुस्तिकेत नक्को लावू.”

“आणि आईंना काय सांगणार?”

“तिला घेऊनच येतो रविवारी. तुझ्या घरी. चालेल?”

तिने मान डोलावली आणि फोटो पर्समध्ये ठेवून दिला.